आघातावर काम करायला शिकताना : नागपुरातली माझी तीन वर्षं

गेल्या काही महिन्यांत मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या बऱ्याच मुलामुलींचे फोन आले. प्रश्न बहुतेक तेच असतात. एम.फिल. बंद होणार म्हणे, मग आता काय करायचं? ट्रॉमावर, म्हणजे मनावर बसलेल्या आघातावर, काम करायचं तर कोणता कोर्स? नागपुरात राहून जमेल का? फोनवर प्रत्येकाला थोडं थोडं सांगण्यापेक्षा माझं कसं झालं ते सलग लिहून ठेवते. यात जे पेशंट येतील त्यांना विचारूनच लिहिलंय. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

सुरुवात एप्रिल २०२१ ची. नागपुरात तेव्हा बेड मिळत नव्हते, ते इथल्या कोणाला वेगळं सांगायला नको. माझे काका सतरा दिवस आयसीयूत होते आणि वाचले. घरी आल्यावर महिनाभरात ऑक्सिजन नीट, रिपोर्ट नीट, भूकही लागायला लागली. पण ते दिवा बंद करून झोपत नव्हते. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह वाजला की दचकून उठून बसायचे आणि छातीवर हात ठेवून वायर शोधायचे. शेजारच्या बेडवरचा माणूस त्यांच्यासमोर गेला होता, हे त्यांनी काकूला चार महिन्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आता सगळं नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका." मी तेव्हा एम.ए. होऊन वर्धा रोडवरच्या एका शाळेत समुपदेशक होते. मीही त्यांना तेच म्हणाले, मनावर घेऊ नका. मला दुसरं काही येतच नव्हतं. ती गोष्ट मनाला लागली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी एक ऑनलाइन कोर्स केला. सहा आठवड्यांत ट्रॉमा थेरपिस्ट, साडेआठ हजार रुपये, शेवटी रंगीत प्रमाणपत्र. व्याख्यानं वाईट नव्हती, पण एकाही पेशंटसमोर कोणी बसवलं नाही आणि मी जे बोलले ते कोणी तपासलं नाही. नंतर कळलं की त्या कागदाला कायद्यात काही किंमत नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. हा कायदा १९९२ चा आहे. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आणखी स्पष्ट केली. मानसशास्त्रात एम.ए. झालेल्यांसाठी त्यातली वाट म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला, दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., आणि तोही देखरेखीखाली पेशंट पाहून केलेला. पत्राने किंवा नोकरी सांभाळून होत नाही. आईला हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "दोन वर्षं पगार नाही म्हणजे?" तिचं चूक नव्हतं. आमच्या घरात तेव्हा माझाच पगार पक्का होता.

मे २०२२ मध्ये तीन ठिकाणी अर्ज भरले. प्रत्येक अर्जाला हजार ते दीड हजार रुपये लागले. एम.ए.ला खुल्या वर्गासाठी ५५ टक्के लागतात, माझे ६१ होते. लेखी परीक्षा जुलैत, मुलाखत ऑगस्टमध्ये. मुलाखतीत मला विचारलं, "तुम्हाला लोकांना मदत करायची आहे हे ठीक, पण मदत झाली नाही तर काय कराल?" मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. पहिल्या यादीत नाव नव्हतं. दुसरी यादी लागेपर्यंतचे एकोणीस दिवस मी शाळेचा राजीनामा लिहून मोबाइलमध्ये ठेवला होता, पाठवला नव्हता. १२ सप्टेंबर २०२२ ला प्रवेश झाला. संस्था शहराबाहेर, घरापासून येऊन-जाऊन चाळीस किलोमीटर. फी वर्षाला एक लाख चाळीस हजार, विद्यावेतन नाही.

इथे दोन गोष्टी आधीच सांगते. आरसीआयची मान्यता संस्थेला कायमची मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी असते. तुमच्या बॅचच्या वर्षाला ती आहे का, हे आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा, प्रवेश खिडकीवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. आणि एम.ए.चा निकाल लागला की पदवी प्रमाणपत्र आणि मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायला लागणारा दाखला, लगेच काढून ठेवा. मी ऐन प्रवेशाच्या वेळी मायग्रेशनसाठी अकरा दिवस चकरा मारल्या. कधी चलनावरचा शिक्का चुकलेला, कधी खिडकी जेवणासाठी बंद.

पहिले दोन महिने आम्हाला थेरपीच्या जवळपासही येऊ दिलं नाही. फक्त हिस्टरी घ्यायची. पेशंट आणि त्याच्या घरचे काय म्हणतात ते लिहायचं, मनोवस्था तपासून मांडायची आणि सुपरवायझर मॅडमना दाखवायची. माझी पहिली हिस्टरी अकरा पानांची होती. मॅडमनी पहिल्याच ओळीवर लाल पेन ठेवला. मी लिहिलं होतं, 'रुग्णाला चिंता आणि अस्वस्थता आहे.'

"हा बाईंचा शब्द आहे का?"

"नाही मॅडम. त्या म्हणाल्या, जीव घाबरा होते."

"मग तेच लिही. चिंता हा तुझा शब्द आहे. तो नंतर, निदानात."

ही सवय लागायला मला सहा महिने लागले. पण पुढचं सगळं शिक्षण त्या लाल रेघेवर उभं आहे असं मला वाटतं. आपल्याकडे माणसं 'मला नैराश्य आहे' म्हणत नाहीत. मन लागत नाही, अंगात आग होते, डोकं गच्च होऊन राहिलं, पोटात कालवते, असं म्हणतात. हे सगळं आधी शरीराचं बोलणं असतं. ते ऐकू आलं नाही तर प्रश्नावलीतले वाक्प्रचार समोरच्याच्या तोंडात कोंबले जातात आणि आपल्याला वाटतं निदान झालं.

पहिल्या वर्षाचे विषय बरेच जड होते. वर्तन आणि मनोविकृतीची मानसिक-सामाजिक मुळं, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती, मनोरोगशास्त्र. शिवाय चाचण्यांचं प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर वरच्या बॅचच्या कोणाला तरी आठवड्यातून एक तास गाठा, तेवढं पुरतं. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा झाली आणि मी पास झाले. त्या वर्षाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही, दमणूक मात्र फार झाली.

खरं शिक्षण दुसऱ्या वर्षी, आणि तेही एका चुकीतून.

नोव्हेंबर २०२३. संत्र्याचा आंबिया बहार निघाला होता. चाळिशीतले एक टेम्पोचालक ओपीडीत आले, मी त्यांना काका म्हणत असे. बागेतून संत्री भरून कळमना मार्केटला आणायची, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. आदल्या हंगामात पहाटे त्यांच्या टेम्पोला अपघात झाला. सोबत बसलेला भाचा गेला. काकांचा पाय मोडला होता, तो जुळला. पण वर्षभर त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. हंगाम सुरू झाला आणि झोप पूर्ण उडाली. ते म्हणाले, "डोळे लावले का तेच दिसते मॅडम. अन् वास येते."

"कसला वास?"

"संत्र्याचा."

अपघातात क्रेट फुटले होते. भाच्याला काढायला लोक येईपर्यंत हे त्या चिरडलेल्या संत्र्यांतच अडकून पडले होते. नागपुरात नोव्हेंबरमध्ये संत्र्याचा वास चुकवून जायला जागा कुठे आहे? चौकाचौकात हातगाड्या, बसस्टँडवर पिशव्या, घरी पाहुणा आला तरी संत्री. त्यांनी रस्ता बदलला, बाजार सोडला, शेवटी घराबाहेर पडणं सोडलं.

आमच्याकडे पीटीएसडीसाठी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या अशा त्रासासाठी, पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की आणखी नीट तपासायचं. त्यांचे ५४ आले. मी नुकतंच एक्सपोजर वाचलं होतं. एडना फोआ यांनी मांडलेल्या पद्धतीत माणूस ज्या आठवणीपासून पळतो तिच्याकडे सुरक्षित जागी, हळूहळू, पुन्हा पुन्हा जायचं असतं. मी त्यातलं 'जायचं' तेवढं पकडलं आणि 'हळूहळू' सोडून दिलं. दुसऱ्याच भेटीत म्हणाले, काका, त्या पहाटेपासून सांगा. त्यांनी सुरुवात केली. चारपाच वाक्यांनंतर आवाज बंद झाला. नजर भिंतीवर, हात थंड, कपाळावर घाम. मी "काका, काका" म्हणत राहिले. दहा मिनिटांनी ते सावरले, पाणी प्यायले, मला नमस्कार केला आणि गेले. पुढच्या आठवड्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मी मॅडमना सगळं सांगितलं, सांगताना रडले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांना परत यायला काय येत होतं, ते तू आधी पाहिलं होतंस का?" मी पाहिलं नव्हतं. आठवणीत जाण्याआधी आठवणीतून बाहेर यायची वाट माणसाच्या पायाखाली असावी लागते. पाय जमिनीला टेकवणं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेणं, थंड बाटली हातात धरणं, आजचा वार आणि तारीख मोठ्याने सांगणं. या गोष्टी इतक्या साध्या दिसतात की शिकणाऱ्याला त्या घाईने उरकाव्याशा वाटतात. मॅडमनी त्या माझ्यावर करून घेतल्या, तीन शनिवार. मगच मला काकांना फोन करायची परवानगी मिळाली.

त्याच डिसेंबरात आमच्या बॅचवर दुसरंच सावट आलं. एम.फिल. ही आता मान्यताप्राप्त पदवी नाही, प्रवेश घेऊ नका, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जाहीर केलं. आम्ही अर्ध्या वाटेवर होतो. कोणाच्या घरी जमीन गहाण होती, कोणाचं लग्न याच पदवीवर ठरलेलं. पंधरा-वीस दिवस वर्गात कोणाचं चित्त नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये खुलासा आला. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांतला एम.फिल. २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत ग्राह्य राहील. आमचा जीव भांड्यात पडला. पण नव्याने येणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. पुढच्या वर्षांत कोणता अभ्यासक्रम चालणार हे आरसीआय आणि यूजीसीच्या ताज्या परिपत्रकातच बघा. माझ्या किंवा कोणाच्याही अनुभवावर जाऊन फी भरू नका.

काका जानेवारीच्या शेवटी आले, काकूंना घेऊन. मी आधी माफी मागितली. ते म्हणाले, "तुम्ही काय करान मॅडम, माहाच जीव राहत नव्हता." आम्ही पहिले चार आठवडे अपघाताचा विषयच काढला नाही. झोप, श्वास, दुपारचं चालणं. मग एक यादी केली, सगळ्यात सोप्या गोष्टीपासून सगळ्यात अवघड गोष्टीपर्यंत. बंद टेम्पोला हात लावणं, चालकाच्या जागेवर बसणं, इंजिन सुरू करून पाच मिनिटं थांबणं. सगळ्यात वर कळमन्याचं फाटक.

संत्रं यादीत मधोमध होतं. मार्चमध्ये मृगाची संत्री बाजारात होती, मी एक घेऊन आले आणि टेबलावर ठेवलं. पहिल्या दिवशी ते माझ्या बाजूला होतं, त्यांच्यापासून दूर. त्यांनी त्रास किती ते शून्य ते दहात सांगायचं. आठ म्हणाले. आम्ही तसेच बसलो. वीस मिनिटांनी सहा. पुढच्या भेटीत संत्रं मध्यावर. त्याच्या पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःच ते उचललं, अंगठ्याने देठाकडचं साल फोडलं, आणि तो फवारा उडतो ना, बोटांना आणि हवेला लागणारा, तो उडाला. ते रडायला लागले. पण या वेळी भिंतीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. पाय जमिनीवर होते, मी मुद्दाम पाहिलं. भाच्याचं नाव घेतलं. त्याला फोडी मीठ लावून आवडायच्या म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पहाटेपासून सगळं सांगितलं, मी न विचारता. शेवटी अर्धं संत्रं माझ्यासमोर ठेवलं. पेशंटने दिलेलं खावं की नाही हे पुस्तकात नव्हतं. मी खाल्लं, आणि शनिवारच्या केस-चर्चेत मॅडमना तेही सांगितलं.

ऑगस्टमध्ये पीसीएल-५ पुन्हा केली, २१ आले. टेम्पो ते आता चालवतात, पहाटेचा फेरा घेत नाहीत. तो घ्यायलाच हवा असं मी कधी म्हटलं नाही.

याच काळात बाकीच्या पद्धतीही शिकलो. पॅट्रिशिया रेसिक यांची सीपीटी, जिच्यात साधारण बारा सत्रांत 'माझ्यामुळेच झालं' सारखे अडकलेले विचार लिहून तपासतात. फ्रान्सिन शॅपिरो यांची ईएमडीआर, जिच्यात आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवतात आणि जिची सुरुवात १९८७ मधल्या त्यांच्या एका निरीक्षणातून झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली आहे. त्याच सूचनांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुर्घटना घडली की लगेच लोकांना एकत्र बसवून सगळं सविस्तर बोलायला लावायचं, याने पीटीएसडी टळत नाही. बहुतेक माणसं आपल्या माणसांत, वेळ जाईल तशी सावरतात. पहिल्या दिवसांत सुरक्षित जागा, माहिती, झोप आणि घरच्यांशी गाठ घालून देणं हेच काम. अपघात झाल्यावर 'बोलून मोकळा हो' म्हणत मागे लागणारे नातेवाईक मी रोज पाहते. त्यांना हे हात जोडून सांगावंसं वाटतं.

दुसऱ्या वर्षाचा सगळ्यात आवडता विषय बिहेव्हिअरल मेडिसिन, म्हणजे शरीराच्या आजारात मनाचं काम. कॅन्सर, मधुमेह, भाजलेले पेशंट, जुनाट दुखणं. जळीत वॉर्डात मी सहा आठवडे होते. तिथे एकच गोष्ट शिकले तरी पुरे. खाटेशेजारी सासरचं माणूस उभं असताना बाईने सांगितलेलं उत्तर हे उत्तर नसतं. "ड्रेसिंगच्या वेळचं दुखणं कमी करायला थोडा श्वासाचा व्यायाम शिकवायचा आहे, दहा मिनिटं बाहेर थांबता का?" हे वाक्य मी पाठ केलं होतं. व्यायाम खरंच शिकवायचे. जबाब घेणं माझं काम नव्हे, पण ती दहा मिनिटं तिची स्वतःची असत. आणि अठराच्या आतलं मूल असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं की काही गोष्टी माझ्याजवळ गुप्त राहू शकणार नाहीत. पॉक्सो कायद्याखाली लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं बंधनकारक आहे. हे उशिरा सांगितलं तर मुलाला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होतं.

माझा प्रबंध सिकल सेलवर होता. विदर्भात हा आजार घरोघरचा आहे, तरी त्याचं दुखणं लोकांना कळत नाही. रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात भयंकर कळा येतात. पाणी कमी पडलं, ताप आला, थंडी बाधली की क्रायसिस, म्हणजे अशा कळांचा झटका. बाहेरून काही दिसत नाही. प्रबंधासाठी नीतिमत्ता समितीची परवानगी मिळायला अकरा आठवडे लागले. मराठी संमतीपत्र दोनदा परत आलं, कारण त्यातली भाषा मलाच मोठ्याने वाचता येत नव्हती. आधीपासून सोप्या मराठीत लिहा, दोन महिने वाचतील.

मे २०२४ मध्ये एकोणीस वर्षांची एक मुलगी तिसऱ्यांदा भरती झाली. मी तिला नेहमीचा प्रश्न विचारला, शून्य ते दहात किती दुखतं? ती वैतागली. "दहा म्हणलं का सिस्टर म्हणतात नाटक करते. सात म्हणलं का सुई देत नाहीत." मग मी म्हणाले, तुझ्या पद्धतीने सांग. ती खिडकीकडे बघून म्हणाली, "आज बेचाळीस." नागपूरचा उन्हाळा! तीस म्हणजे बरं वाटतं, छत्तीसला चालता येतं, चाळीसला अभ्यास होत नाही, पंचेचाळीसला नुसतं पडून राहायचं. आम्ही त्याच मापाची डायरी केली. सकाळ, दुपार, रात्र, किती अंश, किती पाणी, त्याआधी काय झालं. चाळीसच्या आत असतानाच श्वास, शेक आणि लक्ष दुसरीकडे नेण्याचे प्रकार कामी येतात. त्यापुढे औषध लागतंच आणि ते वेळेवर मागणं हाही कौशल्याचा भाग आहे. दुखणं मेंदूपर्यंत जाताना वाटेत कमीजास्त होतं, हे मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं होतं. म्हणून ते खोटं ठरत नाही.

मे संपता संपता बातमी आली, नागपुरात पारा ५६ अंशांवर. दुसऱ्या दिवशी हवामान खात्याने सांगितलं, यंत्रात बिघाड होता. मी वॉर्डात गेले तर तिने ते आधीच ऐकलं होतं. म्हणाली, "मॅडम, त्या मशीनसारखंच मलाबी म्हणतात. एवढं नसते, मशीन बिघडली." मला काही बोलता आलं नाही. मी तिची डायरी घेऊन ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे गेले. चौदा दिवसांच्या नोंदी होत्या. त्यांनी शांतपणे चाळल्या आणि तिच्या फाइलला झेरॉक्स लावायला सांगितलं. तेव्हापासून त्या वॉर्डात तिला कोणी 'खरंच का' असं विचारलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये शेवटची परीक्षा, डिसेंबरमध्ये निकाल. मग आरसीआय नोंदणी. जानेवारी २०२५ मध्ये ऑनलाइन अर्ज भरला. दहावीच्या प्रमाणपत्रावर माझं आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, आणि वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. अर्ज त्रुटीत निघाला. प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टाच्या आवारात गेले तर कळलं शंभराचा स्टॅम्प बंद झाला, आता पाचशेचाच. नोटरी, टायपिंग धरून आठशे रुपये आणि एक सकाळ गेली. पुन्हा अपलोड केलं, मग संस्थेकडून पडताळणी. ती फाइल एका टेबलावर पाच आठवडे पडून होती. दर सोमवारी फोन करत राहिले, तारीख आणि बोलणाऱ्याचा हुद्दा वहीत लिहून ठेवत गेले. ती वहीच शेवटी कामी आली. मे महिन्यात सीआरआर नंबर, म्हणजे केंद्रीय नोंदवहीतला नोंदणी क्रमांक, मिळाला. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांचे सीआरई (सतत शिक्षणाचे) गुण जमवावे लागतात, तेव्हा पहिल्या वर्षापासून प्रमाणपत्रांची एक वेगळी फाइल ठेवा. आणि नाव, स्पेलिंग, जन्मतारीख सगळ्या कागदांवर एक आहे का, हे आजच बसून तपासा.

एकूण खर्च विचाराल तर फी दोन लाख ऐंशी हजार, पेट्रोल आणि गाडीची दुरुस्ती साठेक हजार, छपाई, पुस्तकं, अर्ज मिळून तीस. वर दोन वर्षांचा बुडालेला पगार. आईने तिची आरडी मोडली. ती मी आता भरून देत आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात ईएमडीआरचं प्राथमिक प्रशिक्षण केलं, दोन टप्प्यांत. त्यात एकमेकांवर सराव करतात, आपली एखादी छोटी बोचणारी आठवण घेऊन. मी शाळेतली घेतली होती. समोरच्या मैत्रिणीची बोटं डावी-उजवीकडे जात होती आणि मध्येच मला मायक्रोवेव्हचा आवाज आठवला आणि माझ्या काकांचा छातीवरचा हात. प्रशिक्षकांनी तिथे थांबवलं आणि नंतर वेगळं बसून विचारलं. त्यानंतर मी स्वतःसाठी थेरपिस्ट गाठली, महिन्यातून दोनदा, आठ महिने. जळीत वॉर्डाचा वासही माझ्या अंगावर राहिला होता हे तिथे कळलं. दुसऱ्याच्या आघाताजवळ रोज बसणाऱ्याने हे खर्चात आधीच धरावं, परवडत नसेल तर सवलतीत पाहणाऱ्या व्यक्ती असतात, विचारा. आणि रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पेशंटइतकाच आपल्यासाठीही आहे.

कोणती संस्था निवडावी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. मी इमारत आणि निकाल बघायला सांगत नाही. तिथल्या चालू बॅचच्या मुलांना गाठा आणि विचारा, गेल्या आठवड्यात तुमची केस कोणी, किती वेळ ऐकली? उत्तर द्यायला त्यांना विचार करावा लागला तर तिथे जाऊ नका. माझी ती चूक टेम्पोवाल्या काकांना महागात पडली असती. शनिवारी ऐकणारं कोणी होतं म्हणून तसं झालं नाही.

आता आम्ही चौघी दर शनिवारी चार वाजता धरमपेठेत एकीच्या क्लिनिकवर जमतो. मॅडम ऑनलाइन असतात, प्रत्येकी पाचशे रुपये जमा करून त्यांना देतो. एका वेळी एकच केस. काका मधून एकदा आले होते, माझे स्वतःचे काका. म्हणाले, "मलाही बोलायचं होतं गं कोणाशी तरी." नात्यातल्या माणसाला मी घेऊ शकत नाही, म्हणून चौघींपैकी एकीचा नंबर दिला. ते जातात. काय बोलतात ते मी विचारत नाही.

या शनिवारी माझी पाळी आहे. बावीस वर्षांचा एक मुलगा आहे, तिसऱ्या भेटीनंतर गप्प झालाय. त्याची हिस्टरी मी पुन्हा लिहून काढली आहे, त्याच्याच शब्दांत.